मांजरपाटावरची मुंबई

राऊत मास्तरांना मुंबई दिसल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे. उरणच्या आमच्या शाळेमागे एक टेकाड होतं. सकाळी घंटा व्हायच्या आधी मास्तर छत्री काखोटीला मारून तिथे चढत, पाण्यापलीकडे बघत आणि खाली उतरून मला बातमी देत. "आज जवळ आलीय" म्हणजे हवा स्वच्छ आहे. "आज रुसलीय" म्हणजे धुकं पडलंय. मी घाटावरचा माणूस, समुद्र पाहून मला अजून धड सहा महिने झाले नव्हते. या गृहस्थांचं पलीकडे नक्की कोण राहतं, असा मला पहिले काही दिवस संशय होता.

पहिलं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली असतील. मी गणित शिकवायला रुजू झालो आणि राऊत मास्तरांच्या बिऱ्हाडात भागीदार झालो. ते ड्रॉइंग मास्तर. मूळचे चौलचे, सुपारीच्या वाडीतले. सोळाव्या वर्षी चित्रकला शिकायला मुंबईला पळाले, दोन वर्षांत फीचे पैसे संपले, आणि पुढची दहा वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गिरगावातल्या निम्म्या वैद्यांना आणि शिंप्यांना आपणच नाव दिलं, असं ते म्हणत. बायको चौलला. सुपारी सोडून ती उरणला येईना आणि मुंबई दिसायची सोडून मास्तर चौलला जाईनात. सुट्टी लागली की जात, आणि शाळा उघडायच्या दोन दिवस आधीच परत येत. त्यांचं आपसात उत्तम चाललं होतं.

काळा कोट, उजव्या खिशात खडू, डाव्या खिशात फुटाणे. वर्गात कधी कधी खडू तोंडात जाई. घरी चित्र काढायला बसले की रंगाचा पेला आणि चहाचा पेला शेजारी शेजारी, आणि चूक दोन्हीकडून होई. त्यांच्या मुंबईच्या आभाळाला जो जरासा तांबूसपणा आहे, तो माझ्या हातच्या चहाचा आहे. हे मी कुणाला सांगत नाही, पण आहे.

आणि एक सवय अशी, की ती लागलेल्या माणसाबरोबर राहणं कठीण. कुणी काहीही सांगितलं की मास्तर विचारत, "पाहिलंय कोणी?" चिंचेवर हडळ आहे म्हटलं, पाहिलंय कोणी? हेडमास्तरांना ताप आहे म्हटलं, पाहिलाय कोणी? एकदा मी म्हणालो, आमटीत मीठ घातलंय, तर त्यांनी साक्षीदार मागितला. मी पानावरून उठणार होतो, पण आमटी खरंच अळणी होती.

हा सगळा उद्योग सुरू झाला तो इन्स्पेक्टरसाहेबांमुळे. साहेब तपासणीला आले होते. त्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, "मुंबई कोणी वसवली?" मुलं गप्प. तेवढ्यात साहेबांना पाणी घेऊन आलेला आमचा शिपाई धाकू दारातूनच म्हणाला, "आमच्या बापानं, साहेब."

धाकू चाळिशी ओलांडलेला, शांत, आगरी समाजातला. चेष्टा करण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. साहेब हसले, म्हणून वर्ग हसला, म्हणून हेडमास्तर रागावले. साहेब गेल्यावर धाकूला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं.

संध्याकाळी मास्तर मला घेऊन धाकूच्या घरी गेले, मिठागराच्या कडेला. साक्ष तपासायला. बाप तर नव्हताच. धाकू पोटात असताना तो गेला होता. आई होती, चांगूआय. सत्तरीची, काटक, मीठ ओढून ओढून तळहात लाकडासारखे झालेली. ती साऱ्या जगाला अरे-तुरे करी, हेडमास्तरांनासुद्धा. तिनं जे सांगितलं ते असं : भाताची कापणी झाली की इकडचे गडी टोळ्या करून मचव्यातून दगड-मुरूम घेऊन मुंबईला जात आणि समुद्रात भराव टाकत. पाणी होतं तिथं जमीन केली. तिचा नवरा दसऱ्यानंतर असाच गेला. शिमग्याला बाकीचे परतले, तो परतला नाही. कुणी म्हणालं तापानं गेला, कुणी म्हणालं भरावाची कड खचली तिच्याखाली गेला. प्रेत कुणी पाहिलं नाही. पुढं तिथं गोदामं उभी राहिली, रस्ते झाले, असं तिच्या कानावर आलं. ती स्वतः मुंबईला कधी गेली नव्हती.

परत येताना मास्तर वाटभर छत्रीचं टोक जमिनीवर टेकवत चालले. बिऱ्हाडाशी आल्यावर म्हणाले, "घर कुणी बांधलं म्हणून विचारलं की आपण मालकाचं नाव सांगतो. गवंड्याचं सांगत नाही. धाकूचं उत्तर बरोबर आहे, जोशी. त्याला पैकीच्या पैकी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मांजरपाटाचं, जाड्याभरड्या कापडाचं, ठाण आणलं. त्याला भाताची खळ आणि खडूची भुकटी दिली, दोन बांबूंवर गुंडाळलं, आणि मुंबई काढायला घेतली. सुरुवातीला नुसता चिखल, माड, चार कोळ्यांच्या झोपड्या आणि वाळत घातलेली जाळी. मग किल्ला, गलबतं. मग भराव, गोदी, गिरण्यांची धुराडी, आगगाडी आणि अगदी शेवटी विजेची ट्राम. दोन पावसाळे हे चाललं होतं. मग गावोगाव त्याचे खेळ : एक बांबू धाकूनं धरून उलगडायचा, दुसरा मी गुंडाळायचा, आणि मधे मास्तर छत्रीनं दाखवत सांगायचे. उजेड हवा म्हणून रविवारी दुपारी, देवळाच्या मंडपात. माझे हात भरून येत. धाकूचे कधी आले नाहीत, ही गोष्ट मास्तर मला चारचौघांत ऐकवत.

पहिला खेळ करंज्याला झाला. कोळ्यांचा गाव, मंडप भरलेला. भरावाचं चित्र आलं. मास्तरांनी त्यात जीव ओतला होता : संध्याकाळ, दगडांनी भरलेले मचवे काठाला लागलेले, पाणी बांधाच्या वरच्या दगडाला टेकलेलं, आणि माथ्यावर सुरेख अर्धा चंद्र. चार दिवस तो चंद्र चालला होता. पुढे बसलेला एक म्हातारा तांडेल, मचवे हाकण्यात जन्म घालवलेला, उठला, चित्राजवळ गेला आणि विचार करून म्हणाला, "मास्तर, मचवा रुतला." सगळा मंडप हसायला लागला. मला काहीच कळेना.

मग तांडेलानं मला, म्हणजे घाटावरच्या अडाण्याला, समजावलं. अर्धा चंद्र म्हणजे अष्टमी. अष्टमीला भांग असतो, पाणी धड भरत नाही आणि धड ओसरत नाही. भरलेला मचवा चिखलातच बसायचा, तो बांधाला लागेल कसा? उधाण यायचं ते पुनवेला नाहीतर अवसेला. मास्तर लगेच म्हणाले, ठीक आहे, मी पुनवेचा पूर्ण चंद्र काढतो. तांडेलानं मान हलवली. पुनवेला पाणी भरतं ते भर दुपारी. संध्याकाळी तिथं चिखल. आणि दुपारी चंद्र कुठला?

मास्तरांनी चंद्र पुसला. वर दुपारचं पांढरं ऊन घातलं. त्यांना वाईट वाटलं, मला माहीत आहे, कारण त्या रात्री ते दोनदा म्हणाले की चंद्र चांगला साधला होता. पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. प्रत्येक चित्र ज्यानं ते दिवस पाहिले अशा म्हाताऱ्या माणसाला दाखवायचं, आणि त्यानं "असंच होतं" म्हटलं की शाळेच्या शिक्क्याची शाई लावून मांजरपाटाच्या मागच्या बाजूला त्याचा अंगठा घ्यायचा. गोदीच्या मागे एका हमालाचा अंगठा आहे, आगगाडीच्या मागे रूळ बदलणाऱ्या एका पॉइंटमनचा. अगदी जुन्या चित्रांना जिवंत साक्षीदार मिळणं शक्य नव्हतं. त्यांच्या मागे मास्तरांनी कोरी जागा ठेवली होती आणि खेळात ते ती उलटून दाखवत. म्हणत, हे ऐकीव आहे, सांभाळून बघा.

भरावाच्या चित्राला अंगठा चांगूआयचा. पण तो मिळायला वर्ष गेलं.

मास्तर चित्र घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा तिनं तो मांजरपाट जमिनीवर पसरायला लावला आणि भोवती फिरून बघितला. वीस-बावीस गडी टोपल्या घेऊन चाललेले होते. ती म्हणाली, "सगल्यांच्या पाठीच काय रं काढल्यास, मास्तर? तोंडां कोनी नेली?"

मास्तर पकडले गेले. चेहरे ठाऊक नव्हते म्हणून त्यांनी पाठी काढल्या होत्या, आणि हे कुणाच्या लक्षात येणार नाही असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी गडी वळवले. सगळ्यांत पुढच्याला चांगूआयचा नवरा करायचं ठरलं. ती सांगे, मास्तर काढत. ती म्हणे, हा नव्हे. धाकूला समोर बसवून काढलं, तर नाक तिच्या माहेरचं निघालं. नाक बदललं, तर मिशी नको होती. मिशी काढली, तर आता हा कुणीतरी भटजी दिसतो म्हणाली. दर रविवारी आम्ही जायचो आणि दर रविवारी तो माणूस नापास व्हायचा. मी वैतागून म्हटलं, म्हातारी मुद्दाम करते आहे. मास्तर म्हणाले, चाळीस वर्षांनी नवरा भेटतोय, तिला घाई कशाची?

एका रविवारी ती बराच वेळ चित्राकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मास्तर, खोटा कशाला बोलू, त्याचा तोंड मना आठवतच न्हाय." हे ती धाकूसमोर कधी बोलली नव्हती. धाकू उठून बाहेर गेला. जरा वेळानं तिनंच सांगितलं, की पन तो चालला का मी वलखेन.

मिठागरात फावडं लागून त्याच्या डाव्या पायाचा अंगठा गेला होता. तो पाऊल उचलून जरा बाहेर टाकी, आणि डोक्यावर ओझं असलं की उजवा खांदा वर घेई. ती उठली आणि अंगणात तसं चालून दाखवलं. सत्तर वर्षांची बाई, डोक्यावर रिकामी टोपली, नवऱ्यासारखी चालतेय. मास्तर उभ्या उभ्या काढत होते. चेहरा त्यांनी टोपलीच्या सावलीत ठेवला आणि सगळं त्या चालण्यात घातलं. चित्र तिच्यापुढे धरलं. तिनं आपणच शाईच्या डबीत अंगठा बुडवला. मला तिथं थांबवेना, म्हणून मी बाहेर धाकूजवळ जाऊन उभा राहिलो.

पुढं मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम झाली, ती ओसरली, आणि त्यानंतर मुंबईहून एक पत्र आलं. गिरगावातल्या एका प्रकाशकांच्या कुणा पाहुण्यांनी आमचा खेळ पाहिला होता. मुलांसाठी रंगीत पुस्तक काढायचं, 'मुंबई कशी झाली', बारा चित्रं, वर मास्तरांचं नाव. मास्तरांनी ते पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांची नावं रंगवली होती, हातभर अक्षरांत, सोनेरी सावली देऊन. स्वतःचं नाव कुठं लिहायची वेळ आली नव्हती. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला आता छापील पुस्तकावर 'जनार्दन राऊत' एवढं बघायचं होतं, आणि हे त्यांनी लपवलंही नाही.

बाराही चित्रं त्यांनी कागदावर उतरवली आणि आम्ही दोघे मोऱ्याच्या बंदरातून लाँचनं मुंबईला गेलो. प्रकाशक भले गृहस्थ होते, त्यांनी चहा दिला. अकरा चित्रं पाहून खूश झाले. भरावाच्या चित्राशी थांबले. म्हणाले, हे मजूर काढा, मुलांना काय मजूर दाखवायचे? इथे एक साहेब उभा करा, हातात नकाशा, मागे इमारती. तर पुस्तक शाळाखात्यात लागेल.

मास्तर म्हणाले, "साहेब तिथं नकाशा घेऊन उभा होता, हे पाहिलंय कोणी?"

"मास्तर," ते गृहस्थ हसून म्हणाले, "पुस्तकाला साक्षीदार लागत नाही, गिऱ्हाईक लागतं." पंधरा दिवसांत नवं चित्र द्या म्हणाले.

आता राऊत मास्तरांनी ताठ मानेनं चित्रं गुंडाळली, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. घरी आल्यावर ते साहेब काढायला बसले. तीन दिवस काढला. टोपी फार छान जमली. चौथ्या दिवशी मला म्हणाले, चल, दाखवून येऊ.

चांगूआयनं कागद उन्हात धरला. नजर आता कमी झाली होती. "ह्यो कोन रं?"

"साहेब."

"त्यानं काय उचललान?"

"काही नाही."

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं एकच विचारलं, की पुस्तकावर तुझं नाव येईल का? येईल म्हटल्यावर म्हणाली, "मंग छाप. माजा मानूस काय, गेलेलाच हाय. तुजा नाव तरी ऱ्हाऊ दे."

तिनं नको म्हटलं असतं, रडली असती, भांडली असती, तर मास्तरांनी ते चित्र नक्की पाठवलं असतं. तिच्या त्या 'छाप'नं निकाल लागला. वाटेत ते म्हणाले, "जोशी, म्हातारीनं मला पार अडकवलं." साहेबाच्या कागदाच्या पाठीवर त्यांनी दुसऱ्या दिवशी पहिलीच्या मुलांसाठी आंबा काढला. प्रकाशकांना लिहिलं, आहे तसं छापायचं तर छापा. त्यांनी बाराही चित्रं नीट बांधून परत पाठवली. दोन दिवस मास्तर टेकाडावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले आणि येऊन म्हणाले, "आज जवळ आलीय." मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांच्या रंगाच्या पेल्यातलं पाणी बदलून दिलं.

पुस्तक हातचं गेल्याचं धाकूनं आईला सांगितलं. त्याला तोंडावर ताबा नाही, हे इन्स्पेक्टरच्या वेळेलाच दिसलं होतं. म्हातारी तरातरा शाळेत आली. वर्ग चालू असताना दारात उभी राहून मास्तरांना म्हणाली, माझ्या माणसापायी तुझं पुस्तक गेलं, आता मला ती जागा तरी दाखव. मास्तर म्हणाले, रविवारी नेतो.

त्या रविवारी लाँचमधून आम्ही चौघे निघालो. चांगूआय लाकडी बाकावर न बसता खाली बसली. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते तिनं कुणाला धरू दिलं नाही. भाऊच्या धक्क्यावर उतरलो. गोदामं, गाठी, बैलगाड्या, हातगाड्या, ओरडा. ती बघत चालली, घाबरली अजिबात नाही. मधेच थांबून पायानं जमीन दाबून बघे. शेवटी म्हणाली, "कंची जागा?"

आता आली पंचाईत. कोण सांगणार? मैलभर लांबीचा भराव, चाळीस वर्षांहून जुना, त्यावर आता पुरतं शहर बसलेलं. मी मास्तरांकडे बघितलं. ते क्षणभरही थांबले नाहीत. दोन गोदामांच्या मधे जिथं रस्ता वळत होता, तिथं त्यांनी छत्रीचं टोक टेकवलं. "इथं," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून बिनसाक्षीचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. धाकूनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. चांगूआय तिथं बसली. दोन्ही तळहात जमिनीवर ठेवले. मग फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि सुकट. पहिली भाकरी तिनं बाजूला जमिनीवर ठेवली, मग आम्हाला वाढलं, आणि बसा म्हणाली, कामावर जेवण आणलंय.

त्यानंतर दोनच महिन्यांत माझी बदली झाली. मग पत्रं होती, पण मास्तरांची भेट झाली नाही. म्हणून ते आठवले की मला तसेच दिसतात : मुंबईच्या भर रस्त्यात काळा कोट घालून मांडी घातलेले, तळहातावर भाकरी, आणि चांगूआय सांगतेय ते मान हलवून ऐकणारे. नवरा किती जेवायचा, हे ती सांगत होती. गाठींनी लादलेली एक हातगाडी आमच्यापर्यंत येऊन अडली. गाडीवाला ओरडला, हा काय जेवायचा रस्ता आहे का, उठा.

मास्तरांनी तोंडातला घास संपवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "जरा बाजूनं न्या हो. घरचे लोक जेवतायत."

गाडीवाल्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाडी बाजूनं नेली.